पावसासाठी बांधलेलं घर

क्योटो शहरात जून महिना लागला की जुन्या लाकडी घरांची दारं बदलतात. थंडीभर खोल्यांच्या मधे उभी असलेली कागदी सरकती दारं काढून ठेवतात आणि त्यांच्या जागी पाणगवताच्या बारीक काड्यांची दारं लावतात. या दारांतून वारा आरपार जातो आणि पलीकडच्या माणसाची फक्त हालचाल कळते. दार काढायला सुतार लागत नाही. वरच्या चौकटीतली खाच खोल असते, खालची उथळ. दोन्ही हातांनी दार वर ढकललं की खालची कड खाचेतून सुटते आणि अख्खं दार हातात येतं. खिळा नाही, बिजागरी नाही. जमिनीवर तातामी, म्हणजे जाड गवती गाद्या, असतात. त्यांच्यावर वेताची गुळगुळीत चटई अंथरतात, ती अनवाणी पायांना गार लागते. छपराच्या कडेला बांबूचे चिक सोडतात. उन्हाळा सरला की हे सगळं पुन्हा बांधून ठेवलं जातं आणि कागदी दारं परत येतात. हा हौसेचा भाग नाही. उकाड्यात घर राहण्याजोगं राहावं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ती व्यवस्था आहे.

या घरांना माचिया म्हणतात. रस्त्याकडची बाजू अरुंद आणि आत लांबच लांब. पुढे दुकान, मागे राहती जागा. पुण्याच्या पेठांमधले जुने वाडे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही रचना फारशी परकी वाटणार नाही. लांबट घराच्या पोटात अंधार आणि कोंदटपणा साठू नये म्हणून मधे एक छोटंसं अंगण सोडतात, ती त्सुबोनिवा. दोन तातामी मावतील एवढी जागा असली तरी पुरते. एखादा दगडी दिवा, थोडे नेचे, शेवाळ, सावलीत तग धरणारं एखादं झाड. बघणाऱ्याला ती शोभेची बाग वाटते, पण तिच्यावर मोठं काम सोपवलेलं असतं. मधलं अंगण सावलीत गार राहतं, रस्त्याची किंवा परसाची बाजू तापते. तापलेली हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला अंगणातली गार हवा खोल्यांमधून वाहू लागते. संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडलं की ही झुळूक आणखी जाणवते.

जपान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बर्फ आणि चेरीची फुलं येतात. पण त्या देशाच्या बऱ्याच मोठ्या भागात जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळा असतो, त्यानंतर अंगाला चिकटणारा दमट उन्हाळा, आणि मग चक्रीवादळांचे दिवस. टोकियोत वर्षाला सुमारे १५०० मिलिमीटर पाऊस पडतो. चौदाव्या शतकात योशिदा केन्को या भिक्षूने आपल्या टिपणांत सल्ला दिला आहे, की घर बांधताना विचार उन्हाळ्याचा करावा, थंडीत माणूस कुठेही निभावून नेतो. जपानी घराची जी अंगं आज जगभर नावाजली जातात ती बहुतेक या विचारातून आली आहेत. भिंतीबाहेर लांबवर आलेलं छप्पर कशासाठी, तर पाऊस पडत असतानाही दारं उघडी ठेवता यावीत म्हणून. जमीन खांबांवर उचललेली, म्हणजे खालून हवा फिरते आणि लाकूड कुजत नाही. छपराचा भार खांबांवर असल्याने भिंतींची गरजच कमी, म्हणून त्यांच्या जागी सरकती दारं. आणि खोली व बाग यांच्या मधे एनगावा, आपल्या कोकणातल्या पडवीची सख्खी बहीण.

या प्रकरणाचं म्हणणं त्यामुळे सरळ आहे. जपानी घर मुळात दमट, पावसाळी हवेचं घर आहे. शहरातला फ्लॅट त्या धर्तीवर नव्याने करायचा असेल तर सुरुवात हवा, ओल आणि उजेड यांच्यापासून करावी. लाकूड, कागद, बांबू हे सगळं नंतर.

आपल्याकडे नेमकं उलटं चाललं आहे. मुंबई-पुण्यात ‘जपानी स्टाइल’ म्हणून जे फ्लॅट सजवले जातात त्यात भिंतीला लाकडी पट्ट्यांसारखं दिसणारं सनमायका, छताला जिप्समचं फॉल्स सीलिंग, कोपऱ्यात पांढरे गोटे आणि प्लास्टिकचा बांबू असतो. हे सगळं सांभाळायचं म्हणून खिडक्या बारा महिने बंद आणि एसी चालू. पैसे भरपूर लागतात आणि घरात निसर्गाचा अंशही येत नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण जपानी परंपरेकडून घेण्यासारखं जे आहे ते यापेक्षा स्वस्त आहे आणि आपल्या हवेला जास्त मानवणारं आहे.

कुणी म्हणेल, माचिया म्हणजे स्वतंत्र घर, त्यातलं सिमेंटच्या चौथ्या मजल्यावर काय आणता येणार? हा प्रश्न जपान्यांनाही पडला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्या शहरांत घरांचा भयंकर तुटवडा होता. १९५१ साली सरकारी वसाहतींसाठी ‘५१-सी’ नावाचा एक नमुना आराखडा तयार झाला. अगदी लहान फ्लॅट, पण त्यात एक नवी गोष्ट होती: स्वयंपाकघरातच जेवायची जागा, जेणेकरून झोपायच्या खोलीत जेवण मांडावं लागणार नाही. १९५५ साली जपान गृहनिर्माण महामंडळ स्थापन झालं आणि ‘दान्ची’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इमारतींच्या वसाहती उभ्या राहिल्या. हामागुची मिहो या वास्तुरचनाकार बाईंनी तिथल्या स्वयंपाकघरात स्टेनलेस स्टीलचं सिंक यावं यासाठी पुढाकार घेतला. तातामीसुद्धा आक्रसली. क्योटोची जुनी तातामी सुमारे १९१ सेंटिमीटर लांब, तर दान्चीतली जेमतेम १७०. म्हणजे सहा तातामींची खोली कागदावर तेवढीच, प्रत्यक्षात बरीच लहान.

जागा लहान झाली, तरी दोन गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत. पहिली म्हणजे ऊन. वर्षातल्या सर्वांत लहान दिवशीही प्रत्येक घरात किमान चार तास ऊन यावं, असा नियम धरून त्या इमारतींमधलं अंतर ठरवलं जाई. म्हणून दान्चीच्या इमारती दक्षिणेकडे तोंड करून, मधे भरपूर जागा सोडून रांगेत उभ्या दिसतात. दुसरी म्हणजे बाल्कनी. झोपायच्या गाद्या रोज घडी घालून कपाटात जातात आणि ऊन पडलं की बाल्कनीच्या कठड्यावर वाळत पडतात. रात्रीची झोपायची खोली दिवसा बसायची होते. चाळीतल्या एका खोलीत वळकट्या गुंडाळून संसार केलेल्या मुंबईकराला हे समजावून सांगायला नको.

आता या वसाहती जुन्या झाल्या आहेत, आणि त्यांचं नूतनीकरण कसं होतं हे आपल्या दृष्टीने फार उपयोगाचं आहे. २०१२ पासून मुजी ही कंपनी आणि महामंडळाचा आजचा अवतार असलेली यूआर ही संस्था मिळून जुने दान्ची फ्लॅट दुरुस्त करतात. त्यांची रीत अशी की फार तोडायचं नाही आणि नवं फार घडवायचं नाही. खोल्यांमधली दारं काढतात, पण लाकडी खांब आणि दारांवरच्या आडव्या पट्ट्या तशाच ठेवतात. गाद्यांच्या जुन्या कपाटाची दारं काढली की तिथेच टेबल मांडता येतं किंवा पुस्तकं ठेवता येतात. तातामी हवी, पण तिच्यावर खुर्ची-टेबलही ठेवता यावं म्हणून अंबाडीसारख्या धाग्याचं टिकाऊ आवरण असलेली तातामी त्यांनी मुद्दाम तयार केली. परंपरेवर खरं प्रेम असेल तर तिच्यात बदल करायला भीती वाटत नाही.

भारतात याचा सर्वांत चांगला धडा पाँडिचेरीत आहे. अँटोनिन रेमंड हा मूळचा चेक वास्तुरचनाकार १९१९ साली फ्रँक लॉइड राइटच्या इंपीरियल हॉटेलच्या कामासाठी टोकियोला गेला आणि तिथेच स्थिरावला. श्री अरविंद आश्रमासाठी ‘गोलकोंड’ हे वसतिगृह बांधायचं काम त्याच्याकडे आलं. ते उभं करायला त्याच्या टोकियो कार्यालयातला जॉर्ज नाकाशिमा पाँडिचेरीत येऊन राहिला. पुढे अमेरिकेत लाकडी फर्निचरसाठी जगप्रसिद्ध झालेला तो हाच. १९४० च्या दशकात पुरी झालेली ही इमारत संपूर्ण काँक्रीटची आहे. तिच्यात कागदी दार नाही, तातामी नाही, दगडी दिवा नाही. पण उत्तर आणि दक्षिण बाजूंना भिंतींच्या जागी वरपासून खालपर्यंत उघडझाप होणाऱ्या आडव्या पट्ट्या आहेत. पाऊस अडतो, ऊन अडतं, वारा आत येतो. खोलीचं दार सागवानी, सरकतं, आणि त्याच्या पट्ट्या मागेपुढे अशा बसवल्या आहेत की हवा जाते, नजर जात नाही. जपानी घराचं मर्म ज्यांना कळलं होतं त्यांनी दमट भारतीय किनाऱ्यावर काय केलं ते इथे पाहायला मिळतं. मुंबईतल्या जुन्या इमारतींना आणि गोव्यातल्या जुन्या घरांनाही आडव्या पट्ट्यांच्या लाकडी झडपा होत्याच. आपण त्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या.

त्या खिडकीबद्दल थोडं सविस्तर बोललं पाहिजे. दोन काचांची सरकती खिडकी कितीही ढकलली तरी अर्धीच उघडते. दीड मीटर रुंद खिडकीतून वाऱ्याला पाऊण मीटरच वाट मिळते. फ्लॅटमध्ये एकच गोष्ट बदलण्याइतके पैसे असतील तर मी ही खिडकी बदलायला सांगेन. बाहेर उघडणारी किंवा पूर्ण दुमडणारी तावदानं, आतून डासांसाठी जाळी, आणि वर खोल छज्जा. कोकणपट्टीत पाऊस नैर्ऋत्येकडून, वाऱ्याबरोबर तिरका येतो. म्हणून पश्चिम आणि दक्षिण बाजूंना छज्ज्याचा उपयोग सर्वांत जास्त, आणि तिथेच तो बहुधा सर्वांत तोकडा असतो. बाहेरून काही जोडायचं तर सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्यावी. खांब आणि तुळया यांना तर कुणीच हात लावू नये.

दुसरं काम बाल्कनीचं. शहरातल्या असंख्य घरांनी बाल्कनी खोलीत ओढून घेतली आहे. तेवढ्याने हॉल चार फूट मोठा झाला, पण घराचा बाहेरशी असलेला एकमेव मोकळा दुवा तुटला. एनगावाचं सगळं महत्त्व त्या मधल्या पट्ट्यात असतं: छपराखाली, पण भिंतीबाहेर. तिथे बसून पाऊस अंगावर न घेता पाहता येतो. आत घेतलेली बाल्कनी पुन्हा मोकळी करणं हे फ्लॅटमधलं सर्वांत जपानी काम आहे, असं मला वाटतं. तिथे तुळशीबरोबर दोन माणसांना बसता येईल एवढा लाकडी पाट टाकावा. हॉल लहान झाल्याची खंत पहिल्या पावसापर्यंत टिकेल.

आता जमिनीवर बसण्याचा मुद्दा. बुटकं फर्निचर हे जपानी सजावटीचं ठरलेलं अंग, आणि आपल्याकडेही बैठकीची परंपरा आहेच. पण त्यात एक अडचण आहे आणि ती क्वचितच कुणी सांगतं. मांडी घालून बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण पाऊण मीटर उंचीवर असतात. आपल्या फ्लॅटमध्ये खिडकीची खालची कड सर्रास ९० सेंटिमीटरवर. म्हणजे गादी-तक्क्यावर बसलं की समोर रंगवलेली भिंत दिसते आणि वर आकाशाचा तुकडा. बाहेरचं झाड दिसतच नाही. जपानी घरात हा प्रश्न येत नाही, कारण तिथे उघडा भाग जमिनीपासून सुरू होतो आणि सगळी खोली बसलेल्या माणसाच्या नजरेला धरून आखलेली असते.

यावर उपाय जपानमधल्या आजच्या फ्लॅटमध्येच मिळतो. खोलीच्या एका भागात गुडघ्याएवढ्या उंचीचा लाकडी ओटा करतात आणि त्यावर तातामी टाकतात. खिडकीशी असा ३५-४० सेंटिमीटरचा ओटा केला की बसलेल्या माणसाला बाहेरचं नीट दिसतं, खाली खणांत गाद्या-पांघरुणं मावतात आणि पाहुणा आला तर झोपायची सोय होते. दोन काळज्या मात्र घ्याव्यात. ओट्यामुळे खिडकीची कड लहान मुलांच्या आवाक्यात येते, तेव्हा मजबूत ग्रिल हवंच. आणि ओटा भिंतीला चिकटवू नये. जपानमध्ये गाद्यांच्या कपाटातसुद्धा तळाला फटी असलेल्या लाकडी फळ्या टाकतात, खालून हवा फिरावी म्हणून. मुंबईच्या जुलैत बंद लाकडी पेटीत ठेवलेल्या गादीला आठवड्यात बुरशीचा वास येतो. ओट्याचा वरचा भाग पट्ट्यांचा करावा, मागे चार बोटं जागा सोडावी.

बसलेल्या माणसाला काय दिसेल हे ठरवणं ही जपानी बागकामातली मोठी विद्या आहे. ओकायामा शहरातली कोराकुएन बाग १७०० साली पुरी झाली. तिची आखणी अशी की लांबचा मिसाओ डोंगर बागेचाच भाग वाटावा. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान याच बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. फ्लॅटमध्येही उसना देखावा घेता येतो. समोरच्या सोसायटीतला पर्जन्यवृक्ष, रस्त्यावरचा गुलमोहर, नुसती एक फांदीसुद्धा पुरते. ती दिसेल अशी बैठक मांडायची आणि खिडकीतला समोरच्या इमारतीचा भाग चिकाने झाकायचा.

भिंतींकडे वळू. जपानी भिंतीचा पारंपरिक गिलावा मातीचा किंवा चुन्याचा. चुन्यात तागासारख्या झाडाचे तंतू आणि समुद्री शैवाल उकळून केलेली खळ घालतात. तंतूंमुळे गिलाव्याला तडे जात नाहीत. आपल्याकडे चुन्याच्या घाणीत मळलेल्या चुन्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी पडत असे. वेरुळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत, असं संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झालं आहे. दोन दूरच्या देशांतले गवंडी एकाच युक्तीशी पोचले होते. चुन्याची भिंत हवेतला दमटपणा थोडा शोषते आणि हवा कोरडी झाली की परत सोडते. ती अल्कधर्मी असल्याने बुरशी सहजी धरत नाही. उलट प्लास्टिक पेंटच्या मागे ओल कोंडली की फुगे येतात आणि पापुद्रे सुटतात. पण गळती असलेल्या भिंतीला चुना लावून काही साधत नाही. आधी वरच्या मजल्याच्या न्हाणीघराची आणि बाहेरच्या भिंतीची दुरुस्ती, मग गिलावा. वाडे आणि किल्ल्यांच्या दुरुस्तीवर काम केलेला गवंडी मिळाला तर उत्तम. त्याला घाई करू नये, चुना सिमेंटपेक्षा कितीतरी सावकाश पक्का होतो.

तातामी आणि शोजी, म्हणजे कागदी सरकती दारं, यांविषयी माझं मत स्पष्ट आहे: किनाऱ्यावरच्या शहरात दोन्ही जशीच्या तशी आणू नयेत. गवती तातामीला पावसाळ्यात बुरशी धरते आणि ती उन्हात टाकायला ऊन नसतं. त्यापेक्षा शिंदीच्या पानांची किंवा वेताची चटई बरी, रोज उचलून झटकता येते. शोजीचं मोल तिच्या कागदात नसून त्यातून झिरपणाऱ्या मवाळ उजेडात आहे. सागवानी चौकटीला पांढरं मलमल ताणून लावलं तर तोच उजेड मिळतो. मळलं की काढून धुता येतं आणि फाटलं तर बदलायला दोनशे रुपयांचं कापड पुरतं. जपानमध्येही शोजीचा कागद अधूनमधून, बहुधा वर्षअखेरीच्या साफसफाईत, बदलतातच. बांबू वापरायचा तर बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवलेला घ्यावा. कोकणातला माणगा बांबू सरळ आणि भरीव असतो, पण प्रक्रिया न केलेल्या बांबूला भुंगा लागतो आणि खाली पिवळं पीठ पडू लागतं.

झाडांच्या बाबतीत आधी वजनाचा हिशेब. भारतीय मानकांनुसार राहत्या खोलीची जमीन दर चौरस मीटरला साधारण २०० किलो आणि बाल्कनी ३०० किलो भार धरून आखतात. एक फूट खोल ओल्या मातीचा वाफा दर चौरस मीटरला ५०० किलोंच्या पुढे जातो. म्हणून बाल्कनीत बाग ‘बांधू’ नये. नारळाच्या काथ्याचं हलकं मिश्रण भरलेल्या सुट्या कुंड्या ठेवाव्यात. क्योटोचं शेवाळ पुण्याच्या एप्रिलात जळून जाणार, त्याचा हट्ट नको. नेचे, कर्दळ, अळू, गवती चहा ही आपली झाडं पावसात बहरतात आणि उन्हाळ्यात मलूल होतात. होऊ द्यावीत. ऋतू घरात यायचा तर त्याचा उतारही यायला हवा. जपानी घरात तोकोनोमा नावाचा एक कोनाडा असतो. त्यात एकच चित्र आणि एखादं फूल, दोन्ही ऋतूप्रमाणे बदलतात. आपल्या जुन्या भिंतींत कोनाडे होतेच. नव्या भिंतीत एक करून घ्यावा आणि त्यात श्रावणात तेरडा, चैत्रात आंब्याची पालवी ठेवावी. एका वेळी एकच.

राहिला दिव्यांचा प्रश्न. तानिझाकी जुनइचिरो यांनी १९३३ साली सावल्यांचं कौतुक करणारा एक दीर्घ निबंध लिहिला. विजेच्या लख्ख उजेडाने जपानी घराचं सौंदर्य कसं हरवलं, हा त्याचा विषय. छतात पंधरा दिवे खोचलेल्या आजच्या हॉलकडे पाहिलं की तो निबंध आपल्यासाठीच लिहिल्यासारखा वाटतो. इसामू नोगुची या शिल्पकाराने १९५१ मध्ये गिफू शहराच्या कागदी कंदिलांवरून ‘आकारी’ दिवे घडवायला घेतले. ते जमिनीवर, कोपऱ्यात, बसलेल्या माणसाच्या उंचीला ठेवायचे असतात. आपला आकाशकंदील त्याच कुळातला. फॉल्स सीलिंग रद्द केलं तर खोलीची उंची वाचते, पंख्याखालची हवा मोकळी होते आणि वाचलेल्या पैशांत चार चांगले कमी उंचीचे दिवे येतात.

एक शेवटची विनंती. घराचं काम दिवाळीनंतर काढा, पण त्याची पाहणी जुलैत करा. भर पावसाच्या दिवशी घरभर फिरा. कोणती खिडकी बंद करावी लागते, कोणत्या भिंतीला हात लावला की गार ओल लागते, वारा कुठून येऊन कुठे अडतो, दुपारी तीन वाजता कोणत्या कोपऱ्यात दिव्याशिवाय वाचता येतं, हे सगळं घराच्या नकाशावर पेन्सिलीने लिहून काढा. कंत्राटदाराने आणलेलं चित्रांचं पुस्तक उघडण्याआधी हा कागद त्याच्या हातात द्या.